काविळीचे रुग्ण कुठे गेले

दर सोमवारी दुपारी वॉर्डाच्या आरोग्य कार्यालयात फोन करून आठवड्याचे आकडे घ्यायचे, हे तेव्हा माझं काम होतं. पलीकडचे कारकून एकाच सुरात वाचून दाखवत: हगवण, कावीळ, हिवताप, कुत्रा चावलेले. मी उतरवून घेई. दुसऱ्या दिवशी उपनगरांच्या पानावर खाली उजवीकडे त्याची एक चौकट छापली जाई. आमच्या वृत्तसंपादकांच्या मते ती चौकट वाचणारा वाचक अजून जन्माला यायचा होता. जागा भरायला मात्र ती बरी पडे.

ऐंशीच्या दशकातला, गिरण्यांचा संप होऊन गेल्यानंतरचा हा उन्हाळा. मी जोगेश्वरीला पूर्वेच्या बाजूला, टेकडीच्या अंगावरच्या एका बैठ्या चाळीत राहत होतो. भिंतीपलीकडे मालवणी कुटुंब होतं. काका गिरणीत विणकर होते. संपानंतर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत. काकी घरीच असत. त्यांची एकुलती मुलगी आदल्या वर्षी लग्न होऊन गावाकडे, तालुक्यापासून लांबच्या एका वाडीत गेली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे ठरलेलंच होतं, आणि तिचं माहेर म्हणजे आमची चाळ.

त्या उन्हाळ्यात चाळीच्या आसपास काविळीची साथ होती. नळाला पहाटे थोडा वेळ पाणी येई. रहिवाशांनीच वर्षानुवर्षं एकमेकांच्या नळाला जोडत नेलेले पाइप गटारातून गेलेले होते. पाण्याला जोर नसला की पहिल्यांदा नळातून नुसती हवा येई. मग कोणीतरी नळाला रबरी नळी लावून तोंडाने ओढे, आणि पाणी सुरू झालं की सगळे हंडे पुढे सरकत. ओढण्याने पाइपाच्या फटींतून आणखी काय काय आत येत असेल, याचा विचार हंडा भरताना कोणी करत नसे. मीही त्याच रांगेत असे.

डॉक्टरांना या काविळीबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाण्यातून येणारी ही कावीळ बहुतेकांची विश्रांतीने बरी होते, पण दिवस भरत आलेल्या बाईला झाली तर ती जिवावर बेतू शकते. विषाणूला तेव्हा स्वतःचं नावही मिळालेलं नव्हतं. आमच्या मागच्या ओळीतल्या एका गरोदर बाईला एप्रिलमध्ये हॉस्पिटलात नेलं, ती परत आली नाही. तिच्या डोहाळजेवणाला काकी जाऊन आल्या होत्या.

तेव्हापासून काकी मला रोज सकाळी दारात गाठत.

"काय रे, साथ गेली काय?"

"अजून नाही काकी."

"मगे जातली कधी? माझ्या चेडवाक हाडू काय नको, तां सांग. पाऊस लागलो की व्हाळ भरतत, मगे गावातून माणूस भायर पडाचो नाय."

अडचण दोन्हीकडून होती. वाडीत एक म्हातारी सुईण होती आणि डॉक्टर तालुक्याला. पावसाळ्यात काही अडलं तर मुलीला डोलीत घालून ओढ्यापलीकडे न्यावं लागलं असतं. इथे हॉस्पिटल रिक्षाच्या अंतरावर होतं आणि नळात कावीळ होती. मुलीला आणायचं तर मे संपायच्या आत, आणि ते ठरवायला काकींकडे माझ्या चौकटीशिवाय काही नव्हतं. ती वाचणारा एक वाचक जन्माला आला होता. काका ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचत आणि काकी तांदूळ निवडता निवडता ऐकत.

मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागातला काविळीचा आकडा घसरला. पुढच्या आठवड्यात आणखी घसरला. कारकुनांनी तो वाचला तेव्हा मी पुन्हा विचारून घेतला. त्यांनी तोच आकडा दिला आणि म्हणाले, "चांगली बातमी आहे की साहेब, छापा!"

चौकट छापून आली. त्या सकाळी काकी दारात आल्या त्या हसतच.

"गेली मां रे साथ? ह्यांनी वाचून दाखवल्यानी."

काका आतून म्हणाले, "एसटीचं रिझर्वेशन बघून येतो आजच. उशीर केला तर तिकीट मिळायचं नाही."

मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं. का थांबायचं ते मला नीट सांगता येत नव्हतं. पाइप होते तिथेच होते, पाणी येत होतं तसंच येत होतं. पाण्यात काही बदललेलं नसताना कावीळ निम्म्यावर कशी आली, एवढंच डोक्यात होतं.

"चार दिवस म्हणजे चारच," काका म्हणाले. "तुझ्याच पेपरात आलंय ना? मग आता तूच नको का म्हणतोस?"

एका सार्वजनिक रुग्णालयात साथीच्या रोगांचं काम पाहणाऱ्या एक डॉक्टर मला बातम्यांमुळे माहीत होत्या. मुलुंडच्या जुन्या कुटुंबातल्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांच्या खोलीत भिंतीवर आलेख-कागद चिकटवलेले होते आणि त्यांवर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या रेघा. काविळीची रेघ पिवळी नव्हती, हिरवी होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "पिवळी पेन्सिल कागदावर दिसत नाही."

हिरवी रेघ मेमध्ये खाली वळली होती.

"साथ ओसरली असं म्हणायचं का?" मी विचारलं.

"हॉस्पिटलात येणारे कमी झाले, असं म्हणायचं. बाकी काही मी अजून म्हणणार नाही."

"फरक काय पडतो?"

"बराच. हा आकडा कावीळ झालेल्यांचा नाही. कावीळ झाली, तिने घाबरले, इथे यायचं ठरवलं आणि आले, अशांचा आहे. यातलं एक काही बदललं तरी रेघ हलते. तुमच्या भागात काय बदललंय ते तुम्ही शोधा. तुम्ही तिथे राहता ना?"

मला एक कारण लगेच सुचलं. मे महिना. शाळांना सुट्टी लागली की आमची निम्मी चाळ कोकणात जाते. माणसंच नाहीत तर रुग्ण कुठून असणार? हे उत्तर मला इतकं पटलं की ऑफिसात परतल्यावर मी ते वृत्तसंपादकांना सांगितलं. ते दुसऱ्याच कोणाच्या बातमीची कॉपी तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आकडे आण बघू."

मी आणले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"माणसं गावाला गेली म्हणतोस?"

"हो."

"मग ही कुत्री कोणाला चावतायत रे? एकमेकांना?"

कुत्रा चावलेल्यांचा आकडा गेल्या महिन्याएवढाच होता. हगवणीचाही. माणसं कमी झाली असती तर हे आकडेही खाली यायला हवे होते. विशेषतः कुत्र्यांचा, कारण त्या काळी पोटात घ्यायच्या इंजेक्शनांना सगळे घाबरत असले तरी पिसाळलेल्या कुत्र्याला त्याहून जास्त घाबरत, आणि चावा बसला की माणूस हॉस्पिटलात जाईच. म्हणजे आमच्या भागात चावून घ्यायला माणसं पुरेशी होती. फक्त कावीळवाले येत नव्हते.

"तुझी थिअरी कुत्र्याने खाल्ली," वृत्तसंपादक म्हणाले आणि पुन्हा कॉपीत शिरले. थोड्या वेळाने त्यांनीच हाक मारली. "ए, पण हे शोध हां. मजा आहे यात."

डॉक्टरांना फोनवर कुत्र्यांचं सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. त्यांनी कागदावर कुत्र्यांसाठी वेगळी रेघ काढायला घेतली, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. "कोणता रंग?" मी विचारलं. "तपकिरी," त्या म्हणाल्या, "आणि आता दुसरं कारण शोधा."

ते मला शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पवईकडच्या एका कामासाठी मी आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये होतो. जंगलातला रस्ता, गोठ्यांचा वास, एरवी अर्धी रिकामी असणारी गाडी. त्या दिवशी ती गच्च भरलेली होती, आणि इतकी शांत, की इंजिनाचा आवाज तेवढा येत होता. एका थांब्यावर, जिथे एरवी दूध केंद्राचा एखादा माणूस उतरे, तिथे कंडक्टरने घंटी मारली आणि ओरडला, "चला, पिवळे पिवळे उतरून घ्या!"

जवळजवळ सगळी बस उतरली. मीही उतरलो.

"तुम्ही कुठे?" कंडक्टर मला म्हणाला. "तुम्ही तर पांढरे आहात."

थांब्यापासून आत, झाडांमधून एक पायवाट एका जुन्या पाड्यावर जात होती. एका घराच्या अंगणात रांग होती. पुढे खाटेवर एक उतारवयाचे गृहस्थ बसले होते आणि त्यांची सून पाट्यावर कसलातरी पाला वाटत होती. प्रत्येकाला रसाचा एक घोट आणि तीन वेळा यायची ताकीद. पैसे घेत नव्हते. उपाशीपोटी आला नसाल तर परत पाठवत. पथ्य म्हातारे स्वतः सांगत, प्रत्येकाला नव्याने, न कंटाळता: तेल नाही, हळद नाही, मासे नाहीत, उन्हात जायचं नाही. आणि शेवटी, बोट उभं करून: "सुई नाही. डॉक्टरकडे गेलात, सुई टोचून घेतलीत, तर माझं औषध गेलं. मग माझ्या दारात यायचं नाही."

मी रांगेतल्या लोकांशी बोललो. साकीनाक्याचे होते, अंधेरीचे होते, पण आमच्या बाजूचे सर्वांत जास्त. एक जण तर आमच्याच चाळीतला, समोरच्या ओळीतला निघाला. मला बघून त्याने आधी माझे डोळे बघितले.

"तुला पण?"

"नाही रे. बघायला आलोय. तू हॉस्पिटलात नाही गेलास?"

"कशाला? तिथे काविळीवर औषध आहे का? सलाइन लावतात आणि पडून राहा म्हणतात. ते तर मी घरी पण राहतो."

"आधी सगळे जात होते की."

त्याच्या मागची बाई म्हणाली, "मागच्या ओळीतली ती गेली ना. दोन जिवांची होती. तिला नेली तेव्हा चालत रिक्षात बसली होती. तिथे नेली आणि गेली. मग कोण जाईल सांगा? हॉस्पिटलात नेलं की माणूस मरतं, असंच झालंय आता."

"आणि इथे येऊन कोणी मेलं नाही का?"

"इथे घोट पितात आणि घरी जातात. इथे कोण मरणार?"

तिच्या बोलण्यात कुठेच चूक नव्हती. पाड्यावर कोणी मरत नव्हतं. अत्यवस्थ झाला की माणसाला घरचे उचलून हॉस्पिटलातच नेत.

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत सरळ बसल्या. भिंतीवर काविळीच्या खाली त्यांनी आणखी एक रेघ काढली होती, आतापर्यंत मला न दाखवलेली: दाखल झालेल्यांपैकी दगावलेले. रुग्ण कमी होत होते आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण वाढत होतं. त्यांच्या वरिष्ठांना शंका होती की आजाराने रूप बदललंय, तो जास्त मारक झालाय.

"आजार तोच आहे," त्या म्हणाल्या. "साधे रुग्ण तुमच्या त्या पाड्यावर जातायत. माझ्याकडे येतायत ते शेवटचे. तेच मरणार. ते मेले की लोक आणखी घाबरणार, आणि पुढचे आणखी उशिरा येणार. आकडा घटतोय तो भीतीने."

"मग पाड्यावरची रांग मोजायची का?"

"मोजून बघा. पण त्यात ज्याला नुसती लघवी पिवळी झाली तोही असेल, आणि ज्याचा शेजारी पिवळा झाला तोही. तो आकडासुद्धा भीतीचाच. उलट्या बाजूने."

त्या उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "जे काविळीसाठी येत नाहीत त्यांच्यात कावीळ शोधायला पाहिजे."

आमच्या भागातल्या सूतिकागृहात आठवड्यातून एक दिवस गरोदर बायकांची तपासणी असे. वजन, रक्तदाब, पोटावर हात. तिथे बायका आजारासाठी येत नसत, तारीख पडलेली म्हणून येत. कावीळ असो नसो, पाड्यावर जाणारी असो नसो. तिथल्या डॉक्टर आमच्या डॉक्टरांच्या वर्गमैत्रीण होत्या. पुढच्या तपासणीच्या दिवशी आमच्या डॉक्टर तिथे गेल्या आणि खिडकीजवळ एक स्टूल ठेवून बसल्या. ट्यूबलाइटखाली डोळ्यांतला पिवळेपणा कळत नाही, म्हणून दिवसाचा उजेडच हवा होता. प्रत्येक बाई वजनकाट्यावरून उतरली की खिडकीशी येई, डॉक्टर तिची खालची पापणी ओढून बघत आणि पत्ता विचारत. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो होतो. बायका बाहेर येऊन एकमेकींत बोलत होत्या.

"ही नवीन बाई डोळ्यांत काय बघते गं?"

"मुलगा का मुलगी ते."

"डोळ्यांत?"

"मग? माझ्या डोळ्यांत बघून हसली. मुलगाच असणार."

पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा जाऊन बसल्या. पिवळे डोळे पहिल्या खेपेला होते आणि दुसऱ्या खेपेला त्याहून जास्त होते. त्यातल्या बहुतेकींचे पत्ते आमच्या टेकडीवरचे होते. बहुतेकींना त्रास होत नव्हता, थोडी मळमळ, ती तर असतेच. त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं गेलं, म्हणजे निदान घ्यायचा प्रयत्न झाला. काही जणी सासूला विचारून येते म्हणून गेल्या. एकूण तपासलेल्या बायका थोड्या होत्या आणि त्यावरून फार मोठं विधान करता येणार नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा लिहून घ्यायला लावलं. पण साथ ओसरत नव्हती, एवढं म्हणता येत होतं.

बातमी मी दिली. वृत्तसंपादकांनी ती चौकटीतून उचलून पानाच्या डोक्यावर नेली आणि मथळा स्वतः लिहिला: 'काविळीचे आकडे घटले, रुग्ण नव्हे'. कुत्र्यांचा मजकूर त्यांनी पूर्ण ठेवला. दुसऱ्या एका पेपरात त्याच दिवशी 'कावीळ आटोक्यात' असं होतं.

काकांनी दोन्ही पेपर आणले होते. चार दिवस केव्हाच उलटून गेले होते आणि तिकिटं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. जाऊन मुलीला घेऊन यायचं, एवढंच राहिलं होतं.

"आता कुठला खरा धरू?" ते म्हणाले. "हा म्हणतो गेली, तू म्हणतोस आहे. परवापर्यंत तू पण गेली म्हणत होतास."

"गेली असं मी म्हटलं नव्हतं काका. आकडा छापला होता."

"ह्यो बघा वकील!" काकी म्हणाल्या. "मेल्या, माका आकडो नको. एक काय तां सांग. हाडू?"

मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. खरं तर हे आकडे गोळा करण्यामागे कोणाची तरी तिकिटं आहेत, हे मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं. ते ऐकल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला आजचं पाणी कसं आहे ते हवंय."

"हो. आणि तुमच्याकडे त्याचीच माहिती आहे ना?"

"नाही. ही कावीळ पाणी प्यायल्यावर लगेच दिसत नाही, मध्ये कितीतरी आठवडे जातात. आज खिडकीत जे पिवळे डोळे दिसले, ते गेल्या महिन्यातलं पाणी. आजचं पाणी कसं आहे ते मला पुढच्या महिन्यात दिसेल. तोवर त्या मुलीची तारीख उलटून गेलेली असेल." मग त्या म्हणाल्या, "पण पाइप बदललेत का?"

"नाही. खणायला सुरुवात होणार आहे म्हणतात."

"मग आजचं पाणी गेल्या महिन्यासारखंच असेल, असं मी धरीन. सिद्ध करू शकणार नाही. आणि दुसरं. तुम्ही मला चाळ की वाडी असं विचारताय. तालुक्याला सरकारी दवाखाना नाही का?"

तिसरा पर्याय कोणी धरलाच नव्हता. बाळंतपण होतं ते एक तर माहेरी किंवा सासरी. मध्ये तालुका हे ठिकाण कोणाच्या घरचं नव्हतं. मी संध्याकाळी काकींना सांगितलं. मुलीला पावसाआधी वाडीतून काढायचं, पण इथे आणायचं नाही. तालुक्याला दवाखान्याजवळ ठेवायचं.

काकी बराच वेळ स्टोव्हला पिन मारत बसल्या. स्टोव्ह पेटलेला नव्हता.

"आणि तिच्याबरोबर कोण ऱ्हवतला? तिची सासू शेत सोडून येवची नाय."

"तुम्ही जा."

"मी? पयलां नातवंड होयसर लेकीच्या घरचां पाणी पिवचां नसता, आणि मी जावयाच्या जिवार तालुक्याक बिऱ्हाड मांडू? लोक काय म्हणतले? आवशीच्या घरात जागा नव्हती म्हणतले."

"म्हणू देत," काका म्हणाले.

"तुमका काय जाता म्हणूक? विहीण तुमका बोलाची नाय, माका बोलतली."

"तुझी मुलगी आहे. तू ठरव."

मग काकी माझ्याकडे वळल्या. "तू सांग. मी हयसर हाडलंय, पाणी उकळून दिलंय, तर तिका होतलीच कावीळ?"

"होईलच असं नाही."

"नाय होवची?"

"नाही होणार असंही नाही."

"बरां," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुका काय्येक ठावक नाय."

"होय काकी. जास्त धोका कुठे आहे एवढंच ठाऊक आहे."

त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा केला, मला दिला. दोन दिवसांनी त्या एकट्याच गावच्या गाडीत बसल्या. काकांनी आपलं तिकीट परत केलं. जाताना काकींनी पाण्याची कळशी, स्टोव्ह आणि सुक्या मासळीचा डबा बरोबर घेतला, आणि मला बजावलं, "ह्यांका पाणी उकळून पिऊक सांग. तुझां ऐकतत."

त्यानंतरचं मला पत्रांतून आणि काकांकडून कळत गेलं. विहीण बोलली. जावयाने तालुक्याला दवाखान्यामागे एका मास्तरांच्या पडवीत जागा बघून दिली. पाऊस वेळेवर लागला, ओढा भरला. मुलगी बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. अडलं का, काही कठीण झालं का, याबद्दल काकांकडे माहिती नव्हती. "तसलं पुरुषांना कोण लिहितं?" ते म्हणाले.

आमच्याकडे जूनमध्ये पाइप बदलले गेले. त्यानंतरही खिडकीत पिवळे डोळे दिसत राहिले, आणि ते तसे दिसणार हे आता मला माहीत होतं. मग हळूहळू कमी झाले. हॉस्पिटलाची हिरवी रेघ मात्र त्याच सुमारास वर चढली. डॉक्टरांनी आणि सूतिकागृहातल्या मैत्रिणीने चाळीचाळींत जाऊन बैठका घेतल्या होत्या, गरोदर बाईला पाड्यावर नेऊ नका म्हणून. लोक पुन्हा हॉस्पिटलात येऊ लागले होते. साथ खरोखर ओसरत असताना आकडा वाढला. कारकुनांनी तो मला फोनवर काळजीच्या सुरात वाचून दाखवला. मी त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाढला की चांगलं आणि घटला की वाईट? मग आम्ही काय वाचायचं साहेब?" मी म्हटलं, आहे तसाच वाचा. वृत्तसंपादकांनी चौकटीखाली एक ओळ टाकायला मला परवानगी दिली: हे आकडे रुग्णालयात आलेल्यांचे आहेत. ती ओळ पुढे बरेच महिने छापली गेली आणि नंतर जागेअभावी निघाली.

काकी श्रावणात परतल्या. बारीक झाल्या होत्या. सामान ठेवलं, चाळीत सगळ्यांकडे एक फेरी मारली आणि मग माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे पेपरवाल्या."

"या काकी. अभिनंदन. नात कशी आहे?"

"नात बरी आसा. तुका एक सांगतंय. आमच्या ओळीत दोघी बाळंत झाली मी नसताना. हयच. ह्याच नळाचां पाणी पिवन. काय झाला तेंका?"

"काही नाही. दोघी चांगल्या आहेत."

"मगे? माझ्याच चेडवाचां काय होणार होतां? मी दोन महिने काढलंय परक्याच्या पडवीत, वर गळता, खाली वल. विहिणीचां ऐकून घेतलंय. पयलां बाळंतपण, आणि आवशीच्या घरात पाळणो नाय हाललो. तुझो आकडो खंय गेलो?"

मी सांगायला सुरुवात केली. की धोका म्हणजे प्रत्येकीला होणं नव्हे. की त्या दोघी सुटल्या म्हणून पाणी चांगलं होतं असं ठरत नाही. की खिडकीत ज्या बायका पिवळ्या दिसल्या त्याही ह्याच टेकडीवरच्या होत्या. काकी ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मगे तिका झाली असती?"

"ते नाही सांगता येत."

"कधीच नाय?"

"कधीच नाही काकी. ती इथे आलीच नाही ना."

त्या उंबऱ्यावर बसल्या. पदराने मान पुसली. ओळीतल्याच एका बाळंतिणीने धुतलेली दुपटी दोरीवर घातलेली होती, ती त्यांनी जरा वेळ बघितली.

"पाइप बदलल्यानी मां?" त्यांनी विचारलं.

"हो. जूनमध्ये."

"आणि ती तुझी डॉक्टरीण अजून बसता खिडकीत?"

"बसतात. गेल्या खेपेला एकही पिवळी दिसली नाही. पण त्या म्हणतात, अजून दोन-तीन आठवडे बघू या."

"होय तर. ती कधी हाडा म्हणतली?" काकी उठल्या. "ह्यांका सांगतंय, गणपतीनंतरची तिकिटां काढा. तवसर तू इचार तिका. आणि नीट इचार, नातीचां पण इचार, तीय पाणी पितली आता."

मी पुढच्या तपासणीच्या दिवशी सूतिकागृहात गेलो. त्या खेपेला बातमीसाठी नाही, काकींसाठी विचारायला.